सासऱ्याचं निळं कार्ड

माझ्या सासऱ्याला पाण्यावरून मी उठवलं. ऑफिसनं नाही, मशीननं नाही, आणि सोलापूरहून आलेल्या साहेबानं तर मुळीच नाही. त्या बिचाऱ्यानं कागदावर सही केली, इतकंच. आमच्या धक्क्यावर लोक अजूनही त्या मशीनला शिव्या घालतात. मी खिडकीत बसून ऐकते आणि पुढच्याचं कार्ड मागते. आता लिहायला बसलेच आहे तर झाकपाक करणार नाही. मी काही गरीब गाय नाही, आणि तोही देवमाणूस नव्हता.

त्याला 'तो' म्हणते म्हणून कुणाला राग येईल, तर येऊ दे. तोंडावर मी 'मामा' म्हणायचे, 'तुमी' म्हणायचे, पदर डोक्यावरून ढळू द्यायचे नाही. मनात काय म्हणायचं ते माझं मी ठरवायचे.

आमचं गाव उजनीच्या फुगवट्याकाठी, करमाळ्याच्या अंगाला. सोलापूर जिल्हा आमच्या धक्क्याशी संपतो आणि पाण्यापलीकडं पुणे जिल्हा सुरू होतो. पलीकडं रस्त्यानं जायचं तर दोन एसट्या, मधे ताटकळणं, सगळा दिवस मोडतो. पाण्यानं अर्धा तास. म्हणून केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायका, मास्तर, दुधाच्या किटल्या, चिलापी माशांच्या पाट्या, आजारी माणसं, नवरदेव, सगळं पाण्यानंच. माझा सासरा या पाण्यावर चाळीस वर्षं होता. आधी घरची लाकडी होडी, मग तिला डिझेलचं इंजिन, आणि शेवटी सोलापूरच्या सरकारी ऑफिसची पांढरी लाँच. ऑफिसनं खाजगी होड्या बंद केल्या तेव्हा पाणी ठाऊक असलेला माणूस म्हणून त्यालाच पगारावर चालक ठेवलं.

लाँचपाठोपाठ कार्डं आली आणि रोख पैसे बंद झाले. प्लास्टिकचं हिरवं कार्ड, त्यात आधी पैसे भरून ठेवायचे. चढताना धक्क्यावरच्या मशीनला टेकवायचं, पलीकडं उतरलं की तिथल्या खांबाला टेकवायचं. टुक वाजायचं आणि हिरवा दिवा लागायचा. आत्ता लाँचवर किती माणसं आहेत, कोण चढलं, कोण उतरलं, हे सोलापूरच्या ऑफिसात बसून दिसायचं. माणसांच्या जिवाच्या काळजीनंच केलं होतं ते, उगाच वाईट बोलणार नाही. लाँचवर जितकी लाइफ जॅकेटं तितकीच माणसं. पलीकडच्या काठावर नुसता खांब होता, पण अलीकडच्या मशीनवर बसायला बारावी झालेली बाई हवी होती. बचत गटानं तिघींची नावं दिली. बाकीच्या दोघींना माउस हातात धरल्याबरोबर घाम फुटला आणि नोकरी मला लागली.

पत्र्याची केबिन, एक पंखा, एक खिडकी, आणि खिडकीसमोर दहा पावलांवर लाँचचं सुकाणू. चालकाचं कार्ड निळं. ते त्यानं प्रत्येक फेरीला टेकवायचं, इकडं चढताना, तिकडं उतरताना, परत चढताना. सासऱ्याला त्याचा वैताग यायचा. "मीच लाँच हाकतोय आन मीच तिला सांगायचं का, की मी आलोय म्हनून?" असं पुटपुटत तो रोज सकाळी माझ्या खिडकीशी यायचा. टुक वाजलं की मी म्हणायचे, "जावा." लग्न होऊन आल्यापासून त्या माणसाला मी पहिल्यांदाच कशाची तरी परवानगी देत होते. मला ते फार गोड लागायचं.

ऑफिसनं माणशी एक कार्ड काढायला सांगितलं होतं. आमच्या लोकांनी ते रेशनकार्डासारखं धरलं. घर एक, कार्ड एक. ते कर्त्या माणसाच्या खिशात असायचं, नाहीतर देव्हाऱ्यात, हळदकुंकू वाहिलेलं. कुंकू मशीनच्या काचेला लागायचं आणि मी दिवसभर फडकं घेऊन पुसत बसायचे. बरं, कार्ड टेकलं की कर्त्याच्या मोबाईलवर मेसेज जायचा. त्यामुळं झालं काय, की पूर्वी एखादी सून रानात जाते म्हणून निघायची आणि दोन तास आईला भेटून गुपचूप परत यायची, ते बंद पडलं. कार्ड मागायचं म्हणजे सासऱ्याला कारण सांगायचं. त्यानं दिलं तरी ती कधी गेली, कधी आली, हे त्याला मिनिटासकट कळायचं. कुणाच्या मनात नव्हतं, पण ऑफिसच्या त्या हिरव्या कार्डानं आमच्या गावच्या सासऱ्यांच्या हातात चांगलंच दावं दिलं.

अशी एखादी बाई धक्क्यावर घुटमळताना दिसली की माझा सासरा लाँचवरून खाली यायचा.

"माहेराला निगालीस का?"

ती मान हलवायची. मग तो खिशातलं निळं कार्ड काढून तिच्या हातात द्यायचा. "टेकीव आन बस जा."

ती टेकवायची. मशीनला वाटायचं, चालक चढला. पलीकडं उतरल्यावर ती खांबाला टेकवायची आणि कार्ड त्याच्या हातात परत द्यायची, मग परतीच्या फेरीला तो स्वतः टेकवायचा. कुणाच्या मोबाईलवर मेसेज नाही, काही नाही. होडी होती तेव्हाही पुढं पुढं तो माहेरवाशिणीकडून पैसे घेत नसे. कार्ड आल्यावर त्यानं ही वाट काढली. नियमात ते बसत नव्हतं. मी बघायचे आणि कानाडोळा करायचे, सासरा म्हणून नव्हे, तर अजून वेळ आली नव्हती म्हणून. बायका त्याच्या पाया पडायच्या. पलीकडच्या म्हाताऱ्या त्याला भाजलेल्या शेंगा पाठवायच्या, हुरडा पाठवायच्या. "तुमचा सासरा म्हंजी देव हाय बगा," असं खिडकीतून वाकून मला सांगायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

का, ते सांगते. माझं माहेर त्याच पलीकडच्या काठावर आहे.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि माझ्या आईनं अंथरूण धरलं. भावाचा फोन आला, ताई, लवकर ये, आई सारखं तुझं नाव घेतीय. आमच्या अंगणातून माहेरच्या घराचा पत्रा दिसायचा, दुपारच्या उन्हात चमकायचा. मी सासऱ्याला म्हटलं, "मामा, मला पलीकडं सोडता का?" तो इंजिनात तेल घालत होता. वर न बघता म्हणाला, "उद्या बगू." दुसऱ्या दिवशीही उद्या बगू. त्या दिवसांत त्यानं रोज चार-चार फेऱ्या मारल्या. केळीचे घड नेले, सिमेंटच्या गोण्या नेल्या, एकदा तर नुसती एक शेळी नेली. मी काठापर्यंत जाऊन उभी राहायचे आणि तो दोरी सोडून निघून जायचा. नवरा तेव्हा अकलूजला दुधाच्या टँकरवर. त्याला फोन केला तर म्हणाला, आण्णांना विचार, म्हणजे पुन्हा त्याच्या बापालाच. सासूला विचारलं तर म्हणाली, "शेंगा काढायच्या सोडून कुटं निगालीस? आई काय पळून जातीय का?" रस्त्यानं जावं तर एसटीपुरतेही पैसे माझ्या हातात कुणी ठेवत नव्हतं.

अकरा दिवस मी तो पत्रा बघितला. बाराव्या दिवशी सासरा पलीकडून आला, होडी बांधली आणि मला म्हणाला, "तुजी आई गेली. चल, बस." त्या दिवशी मात्र लगेच नेलं मेल्यानं. होडीत मी त्याच्या पाठीकडं बघत बसले होते. रडू येत नव्हतं. मनात एकच चाललं होतं, की तुझं वाटोळं होईल ते मी या डोळ्यांनी बघीन. पुढं सासू वारली, तिलाही मी रडले नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय तिला. मी म्हटलं, असेल.

तर आता समजलं असेल, लोकांच्या लेकींच्या हातात तो निळं कार्ड ठेवायचा तेव्हा मला काय व्हायचं. जगाच्या लेकी त्याच्या लेकी. आणि मी कोण? शेळीला जागा होती होडीत, मला नव्हती.

कार्डं येऊन वर्ष होत आलं असेल. एक दिवस सकाळी वरच्या वस्तीवरची एक सून पळत धक्क्यावर आली. पायात चप्पल नाही, कडेवर सात-आठ महिन्यांचं लेकरू. आई रानात पडली, शुद्धीवर नाही, असा भावाचा फोन आला होता. कार्ड तिच्या सासऱ्याच्या खिशात आणि तो करमाळ्याच्या बाजाराला. तिनं खिडकीत येऊन हात जोडले.

"ताई, एवढ्या डाव सोडा."

"कार्ड?"

"न्हाय."

"मग बाजूला हो. मागं लोक थांबलेत."

असंच म्हटलं मी. तिची आई तिकडं पडली होती हे ऐकून म्हटलं.

माझा सासरा लाँचवरून खाली आला. त्यानं काही विचारलंसुद्धा नाही, कार्ड तिच्या हातात दिलं. ती टेकवून चढली. पलीकडं काय झालं ते मला नंतर कळलं. तिचा भाऊ मोटारसायकल चालू ठेवूनच उभा होता. तिनं खांबाला कार्ड टेकवलं आणि तशीच, कार्ड मुठीत धरून, गाडीवर बसून गेली. सासऱ्यानं हाक मारली नाही. कुणी खुरपं नेलं तरी परत मागणाऱ्यातला तो नव्हता. येताना आणंल की, असं म्हणाला असेल.

मशीनला हे कळायचं काही कारण नव्हतं. मशीनच्या लेखी चालक पलीकडं उतरला आणि लाँच चालकाशिवाय परत निघाली. माझ्या स्क्रीनवर लाल पट्टी आली: चालक नाही. मी मान वर करून बघितलं. समोर सासरा सुकाणू धरून लाँच धक्क्याला लावत होता.

लाँच बांधून तो खिडकीशी आला. "कार्ड राह्यलं बग पलीकडं, त्या पोरीपाशी."

माझ्या ड्रॉवरमध्ये जादा निळं कार्ड होतं. त्याच्या नावावर चालू करून द्यायचं, पाच मिनिटांचं काम. तेही नको असेल तर संध्याकाळी जो तक्ता सोलापूरला जायचा, त्यात 'चालक हजर' असं हातानं दुरुस्त करायची सोय होती. कार्ड घरी विसरणारी माणसं असतातच, म्हणून ऑफिसनं ती मुद्दाम ठेवली होती. यातलं काहीही केलं असतं तरी विषय तिथंच मिटला असता.

"असू द्या मामा," मी म्हटलं. "मी बघते."

तो निर्धास्त होऊन गेला. मी पंखा वाढवला आणि पुढच्याचं कार्ड मागितलं.

पाच दिवस लाल पट्टी येत राहिली आणि पाच दिवस मी तक्ता जसाच्या तसा पाठवला. रोज सकाळी तो रिकाम्या हातानं खिडकीशी येऊन विचारायचा, "पोरी, काय अडचन न्हाय ना?" मी म्हणायचे, "काय न्हाय. जावा तुमी." संध्याकाळी त्याला गरम भाकरी वाढायचे. तव्यावरची पहिली त्यालाच.  कित्येक वर्षांनी मला जेवण गोड लागत होतं.

त्या बाईची आई वाचली. डोक्याला मार होता, दोन दिवसांत शुद्धीवर आली, लेकीच्या हातचं जेवली. ही बातमी लाँचवरच्या बायकांनी आणली तेव्हा मला बरं वाटलं नाही. पाप आहे, पण खरं आहे. हिची वाचली, असं मनात आलं आणि तोंड कडू झालं.

सहाव्या दिवशी सोलापूरहून साहेब आला. घामाघूम, काखेत फाईल, तसा भला माणूस. माझ्या केबिनमध्ये बसून पाणी प्याला आणि म्हणाला, "मॅडम, पाच दिवस लाँच चालकाशिवाय फिरतेय असं दिसतंय. काय प्रकार आहे?" मी म्हटलं, "लाँच येतेच आहे. त्यांनाच विचारा."

लाँच धक्क्याला लागली. सुकाणूवर सासरा, आणि प्रवाशांत तीच बाई, लेकरासकट, माहेराहून परत निघालेली. येताना तिनं तेच निळं कार्ड टेकवलं होतं. ती उतरली, साहेबाला तिनं बघितलंही नाही, सरळ सासऱ्यासमोर जाऊन दोन्ही हातांनी कार्ड पुढं केलं.

"मामा, तुमचं कार्ड. हरवायला नगं म्हनून देवापुढं ठिवलं हुतं."

शहाण्या मुलीसारखं वागली बिचारी. साहेब पुढं झाला. "हे कार्ड यांच्याकडे कसं?"

"मी दिलं," सासरा म्हणाला.

"का?"

"माहेराला निगाली हुती."

साहेब पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिला. सासऱ्याचं सांगून झालं होतं.

मग साहेबानं नीट समजावलं. कार्ड दुसऱ्याला दिलं ही चूक आहे, पण ताकीद देऊन भागेल. लाँच चालकाशिवाय, म्हणजे भलत्याच कुणाच्या हाती फिरली असेल तर मात्र त्याच्या हातात काही नाही, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, चालकाला कायमचं उतरवावं लागेल. दोघा-तिघा प्रवाशांनी सांगितलं, "हेच हाकत हुते साहेब, रोज." साहेब म्हणाला, "मला पटतंय हो. पण कागदावर मशीनवाल्या मॅडमचंच चालतं." आणि माझ्याकडं वळला.

"मॅडम, गेले पाच दिवस लाँच हेच चालवत होते ना? तुम्ही हो म्हणा, मी तक्ता इथंच दुरुस्त करतो."

सगळा धक्का माझ्याकडं बघत होता. सासराही बघत होता, अगदी निवांत, कारण 'मी बघते' असं मी त्याला सांगितलं होतं.

"मशीनमध्ये आहे तेच खरं, साहेब," मी म्हटलं. "मी आत असते. सुकाणूवर कोण होतं ते मला इथून दिसत नाही."

साहेबानं खिडकीतून बाहेर बघितलं. दहा पावलं. लाँचच्या सुकाणूवर ठेवलेला सासऱ्याचा टॉवेलसुद्धा स्पष्ट दिसत होता.

"हे तुमचे सासरे ना?"

"होय. म्हणून काय खोटं सांगू?"

 साहेबानं मान खाली घालून लिहायला घेतलं. सासऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला मजा आली असती. राग नव्हता. त्यानं अंगातलं जॅकेट काढलं, घडी करून बाकावर ठेवलं आणि किल्ली साहेबाच्या हातात दिली. ती बाई हमसून रडायला लागली. तिला म्हणाला, "तुजी काय चूक न्हाय. घरी जा, लेकराला ऊन लागतंय." मग तसाच चालत घरी गेला.

रविवारी नवरा आला. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. म्हणाला, "एक शब्द बोलली असतीस तर तुझं काय गेलं असतं?" मी म्हटलं, "माझ्या आईच्या वेळी तुमी बोलला होता का?" तो जेवला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही. काढला असता तर माझ्याकडं उत्तर तयार होतं.

लाँचला नवा चालक आला, इंदापूरकडचा. नाकासमोर चालणारा, घड्याळाचा माणूस. कार्ड नसलेल्या बायका आता सरळ माझ्या खिडकीवरून परत जायच्या. एकजण दुपारपर्यंत धक्क्याच्या पायरीवर बसून होती, मग उठून गेली. कुणाच्या आईचं काय झालं, मी विचारलं नाही. माझं कुणी विचारलं होतं?

सासरा दिवसभर अंगणात पाण्याकडं तोंड करून बसायला लागला. लाँच सुटली की मान तिच्यामागं जायची, परत आली की मागं यायची. आठ-पंधरा दिवस माझ्याशी बोललाच नाही. मग एका संध्याकाळी जेवण झाल्यावर एकदम विचारलं, "आज कुनी माहेराला गेलं का?" मी म्हटलं, "मला काय ठावं?" तेव्हापासून रोज संध्याकाळी तो हेच विचारायचा आणि मी हेच उत्तर द्यायचे. कधीकधी खरंच चार-पाचजणी गेलेल्या असायच्या. का सांगू? त्याला बरं वाटावं म्हणून?

दिवाळी झाली. पाडव्यानंतर एका दुपारी ती लेकरूवाली बाई परत खिडकीशी आली. या खेपेला हातात स्वतःचं हिरवं कार्ड. नवऱ्याशी भांडून काढलं म्हणाली. गर्दी नव्हती, त्यामुळं ती तिथंच रेंगाळली.

"ताई, माज्यामुळं मामांची लाँच गेली. आई मला फोनवर रोज बोल लावतीया."

"झालं ते झालं. टेकव."

"आई म्हनती, त्या मानसानं केवढं पाप धुतलं, आन तू त्येचं असं केलंस."

"कसलं पाप?"

तिनं हातातलं कार्ड पदराला पुसलं. मी पुन्हा विचारलं तेव्हा चाचरत म्हणाली, "आदी लई कडक हुते म्हनं मामा. रुपाया कमी असला तर भर पाण्यातनं होडी माघारी फिरवायचे, लेक असू द्या न्हायतर सून. तुमची आई गेली, तवा तुमाला पलीकडं उतरवलं आन दिवसभर आमच्या काठाला बसून राह्यले म्हनं, फेरी न मारता. दुसऱ्या दिसापासनं माहेरवाशिणीकडनं पैसं घेनं सोडलं त्येंनी. आमच्या काठाला समद्यांनाच ठावं हाय. तुमाला न्हाय व्हय?"

नव्हतं. मला ठाऊक नव्हतं. तो आधी कडक होता हे मी बघितलं होतं, नंतर सुटला हेही बघितलं होतं, पण कधीपासून, हे मी कधी मोजलं नव्हतं. आईच्या सुतकात मला कशाचंच भान नव्हतं, आणि पुढं मी त्याच्याकडं नुसत्या रागानं बघत राहिले.

दुसरी कुणी असती तर तिथंच विरघळली असती. मला भयंकर चीड आली. ती माफी माझी होती. माझ्या आईच्या मरणाची माफी होती ती, आणि त्यानं ती काठावरच्या सगळ्या बायकांना वाटून टाकली. त्यांच्याकडून पाया पडून घेतलं, आशीर्वाद घेतले, शेंगा खाल्ल्या, स्वतःचा जीव हलका करून घेतला. जिच्यापाशी मागायची ती याच घरात त्याला इतकी वर्षं भाकरी वाढत होती, तिच्या वाट्याला एक शब्द नाही. एकदा म्हणाला असता, पोरी, चुकलं माझं, तर साहेबासमोर मी काय केलं असतं हे मला पक्कं माहीत आहे. हो म्हटलं असतं.

त्या संध्याकाळी त्याला ताट वाढून मी समोर बसले. एरवी कधी बसत नसे.

"मामा, माझ्या आईच्या वक्ताला मला का न्हाय नेलं तुमी?"

त्याचा घास हातातच राहिला. मी थांबले. आता लिहिताना लाज वाटते, पण त्या घटकेला माझा जीव गोळा होऊन त्याच्या तोंडाकडं लागला होता. 'चुकलं' एवढं म्हणाला असता तर दुसऱ्या दिवशी मी सोलापूरची एसटी धरली असती. साहेबाच्या पाया पडले असते, मी खोटं बोलले म्हणून लिहून दिलं असतं, नोकरी गेली असती तर जाऊ दिली असती.

ताटाकडं बघत तो म्हणाला, "वारं लई हुतं."

वारं. दिवाळीनंतरचे दिवस, अंगणात वाळत घातलेलं लुगडं हलत नव्हतं. पाण्यावर सुरकुती नव्हती. आणि रोज चार फेऱ्या झाल्या होत्या, त्या काय मी बघितल्या नव्हत्या? त्यालाही ठाऊक होतं की मी बघितल्या होत्या. तरी तो तेच म्हणाला आणि घास तोंडात घातला.

मी त्याला आणखी कालवण वाढलं. तो जेवला, हात धुऊन पाण्याकडं तोंड करून बसला, आणि सवयीनं विचारलं, "आज कुनी माहेराला गेलं का?"

"कुनीबी न्हाय," मी म्हटलं. "वारं लई हुतं. लाँच बंदच हुती."

सकाळपासून अंगणात बसून त्यानं लाँचच्या सगळ्या फेऱ्या बघितल्या होत्या. त्यानं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, मग मान फिरवली. फाल्गुनात तो वारला. तोवर त्यानं मला पुन्हा काही विचारलं नाही, आणि 'जेवायला या' यापलीकडं मी त्याच्याशी बोलले नाही.